कंपन्यांचें साहाय्य व गांवचीं कामें

आपल्या इकडील शेतकऱ्यांस कंपनी हा शब्द नवा नाहीं. बी, खत, औषध, पंप, ट्रॅक्टर हें सर्व कंपनीकडूनच येतें. आणि कापूस, ऊस, द्राक्षें, टोमॅटो यांपैकीं पुष्कळसा माल अखेर कंपनीच्याच दारांत जातो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत कंपनी आणखी एका रूपानें खेड्यांत येऊं लागली आहे. तलावांतील गाळ काढणें, ओढ्यावर बंधारे घालणें, झाडें लावणें, रस्त्यावर सौरदिवे उभे करणें, पिण्याच्या पाण्यास सौरपंप बसविणें, गोबरगॅसचीं घरें बांधून देणें, अशीं कामें स्वतःच्या खर्चानें करून देण्यास ती तयार असते. ग्रामसभेंत तिचा माणूस येतो, चित्रें दाखवितो, गांवकरी माना डोलावितात, आणि काम होऊन त्यावर कंपनीच्या नांवाचा फलक लागतो. हें साहाय्य घ्यावें कीं घेऊं नये, घ्यावयाचें तर कोणत्या अटीवर घ्यावें, व देणारा निघून गेल्यावर त्या कामाचें पुढें काय होतें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. हा पैसा नाकारण्याचें कांहीं कारण नाहीं. परंतु कामाची मालकी, दुरुस्तीचा फंड आणि वापराचा नियम या तिन्ही गोष्टी पहिली कुदळ पडण्यापूर्वींच गांवानें आपल्या हातीं घेतल्या नाहींत, तर काम आधीं मोडतें व फलक तेवढा मागें उरतो.

जुना धडा

विजेच्या बाबतींत कंपनी आणि शेतकरी यांची पहिली मोठी गांठ आपल्याकडे पडली ती सह्याद्रीच्या माथ्यावर. घाटावर कोसळणारें पावसाचें पाणी अडवावें, तें नळांतून कोंकणच्या पायथ्याशीं सोडावें, व त्याच्या वेगावर वीज काढून मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं व भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. या तिसऱ्या वीजघरासाठीं मुळशीस धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां मावळांतील भातखाचरें पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट हे त्याचे पुढारी झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. अखेर धरण झालेंच.

कोळसा न जाळतां व धूर न होतां मिळणारी ही वीज होती. आजच्या भाषेंत जिला आपण स्वच्छ ऊर्जा म्हणतों ती हीच. तथापि ज्याचें खाचर बुडालें त्याचा त्या विजेच्या मालकींत कांहींच वांटा नव्हता. वीज स्वच्छ आहे एवढ्यानें ती कोणाची आहे या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं, हा मुळशीचा धडा आहे. आज कंपनी घेण्यासाठीं नव्हे तर देण्यासाठीं येत आहे. परंतु प्रश्न तोच आहे, आणि तो देणाऱ्यानें नव्हे तर घेणाऱ्यानें विचारावयाचा आहे.

कायदा काय सांगतो

कंपन्यांस हा खर्च करण्याची बुद्धि केवळ औदार्यामुळें झालेली नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. २०१३ सालच्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटि रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटि रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटि रुपये, अथवा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेंकडा दोन इतकी रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी, असें त्या कायद्यानें ठरविलें. म्हणजे सरासरी पन्नास कोटि नफा मिळविणाऱ्या कंपनीवर वर्षास एक कोटि रुपये खर्चण्याचा भार आला. यासच व्यवहारांत सी. एस. आर. निधि म्हणतात. कोणत्या कामांवर तो खर्चावा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचींत दिली आहे. तींत ग्रामविकास आहे, कृषिवानिकी आहे, नैसर्गिक संपत्तीचें रक्षण आहे, आणि माती, हवा व पाणी यांचा कस राखण्याचाहि स्पष्ट उल्लेख आहे. शेतकऱ्यास याहून जवळचे विषय दुसरे कोणते असणार?

या कायद्यांतील व त्याखालील नियमांतील चार गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीस व सोसायटीस ठाऊक असाव्यात असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट अशी कीं, कंपनीनें आपला कारखाना वा व्यवसाय जेथें चालतो त्या भागास प्राधान्य द्यावें असें कलमांतच म्हटलें आहे. यामुळें कारखान्यांच्या आसपासच्या गांवांकडे ओघ अधिक, आणि ज्या कोरडवाहू तालुक्यांत कारखाना नाहीं त्यांच्याकडे कमी, असा परिणाम होतो. सर्व राज्यांत महाराष्ट्राच्या वांट्यास या निधीचा मोठा भाग येत असला, तरी तो माण-खटावांत किंवा मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यांत आपोआप पोहोंचेल असें मानून बसूं नये. तेथील गांवांनीं स्वतः तयार योजना घेऊन मागणी केली पाहिजे.

दुसरी गोष्ट. अन्य कायद्यानें जें करणें कंपनीवर बंधनकारकच आहे, तें या खर्चांत धरतां येत नाहीं. कारखान्याचें सांडपाणी शुद्ध करूनच सोडणें हें त्याचें कर्तव्य आहे. तो ओढा गढूळ करून त्याच्या कांठीं दोनशें झाडें लावणें ही त्याची भरपाई होऊं शकत नाहीं. तसेंच आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली देणगीहि या हिशेबांत बसत नाहीं. ज्या गांवाची तक्रार पाण्याविषयीं आहे, त्यानें सौरदिव्यांच्या बदल्यांत ती तक्रार मागें घेऊं नये.

तिसरी गोष्ट मुदतीची. अनेक वर्षें चालणाऱ्या कामास या नियमांत जास्तींत जास्त मुदत आहे ती आरंभाचें वर्ष सोडून तीन वर्षांची. म्हणजे कंपनीचा हात गांवाच्या पाठीवर असतो तो फार तर चार वर्षें. उलट सौर विजेच्या प्लेटा सुमारें पंचवीस वर्षें चालतात. बंधारा, तलाव व झाडें यांचें आयुष्य तर पिढ्यांनीं मोजावयाचें. चार वर्षांच्या सोबत्याबरोबर पंचवीस वर्षांचा संसार मांडावयाचा असेल, तर पुढील एकवीस वर्षांची तजवीज कोणाची, हें आरंभींच ठरलें पाहिजे.

चौथी गोष्ट मालकीची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. जानेवारी २०२१ मध्यें नियमांत दुरुस्ती होऊन असें ठरलें कीं, या निधींतून उभी राहिलेली स्थावर वा टिकाऊ मालमत्ता कंपनीनें आपल्या नांवावर ठेवूं नये. ती धर्मादाय हेतूनें स्थापन झालेल्या व या कामासाठीं नोंदलेल्या संस्थेच्या, किंवा सरकारी अगर स्थानिक अधिकाऱ्यांच्या, किंवा ज्यांच्या हितासाठीं काम झालें त्या लोकांच्या बचतगटाच्या, समूहाच्या वा संस्थेच्या नांवें असावी. हा शेवटचा पर्याय शेतकऱ्यांनीं नीट लक्षांत ठेवावा. काम करून देणारी मध्यस्थ संस्था बहुधा शहरांतील असते, आणि कोणी विचारलें नाहीं तर यंत्रें तिच्या नांवावर राहतात. गांवांत नोंदलेला गट वा सोसायटी तयार असेल तर तीं गांवाच्या नांवावर होऊं शकतात. कायद्यानें दार उघडें ठेविलें आहे. आंत पाऊल टाकणें आपल्याकडे आहे.

दरेवाडीचा प्रयोग

मालकी व फंड यांचें महत्त्व दाखविणारें एक लहानसें उदाहरण आपल्या पुणें जिल्ह्यांतच आहे. जुन्नरकडील डोंगराळ भागांत दरेवाडी नांवाची वाडी आहे. सरकारी विजेच्या तारा तेथपर्यंत आल्या नव्हत्या. बॉश या जर्मन कंपनीच्या साहाय्यानें पुण्याच्या ग्राम ऊर्जा या मंडळीनें २०१२ सालीं तेथें ९.४ किलोवॅटचें सौर वीजघर उभारलें आणि ३९ घरांस वीज दिली.

येथवरची हकीकत कोणत्याहि फलकावर वाचावयास मिळेल. पुढची मात्र निराळी आहे. वाडीच्या लोकांचा एक न्यास स्थापन करून वीजघराचा कारभार त्याच्याकडे दिला. प्रत्येक घरास मीटर बसविलें. वीज फुकट नाहीं. जो जितकी जाळील त्यानें तितके पैसे महिन्याच्या महिन्यास भरावे, आणि ते पैसे बँकेंत न्यासाच्या खात्यावर ठेवून त्यांतून देखभाल व नव्या बॅटऱ्या यांचा खर्च भागवावा, असें ठरलें.

दान मिळालेल्या विजेचे पैसे कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर बॅटरींत आहे. प्लेटा पंचवीस वर्षें टिकल्या तरी शिशाच्या बॅटऱ्या चार-सहा वर्षांत थकतात, आणि त्या बदलण्याची रक्कम एकदम उभी करणें लहान वाडीस झेपत नाहीं. समजा, चाळीस घरांनीं दरमहा शंभर रुपये भरले. महिन्यास चार हजार, वर्षास अठ्ठेचाळीस हजार, आणि पांच वर्षांत दोन लाख चाळीस हजार रुपये जमतात. हीच रक्कम पांचव्या वर्षीं एका दिवसांत गोळा करूं म्हटल्यास भांडणें होतात, आणि दिवे बंद पडतात. बैल घेतांना त्याच्या वैरणीचा विचार जसा आपण करतों, तसा यंत्र घेतांना त्याच्या दुरुस्तीचा केला पाहिजे. आयता मिळालेला बैलहि वैरण खातोच.

धरनाईची हकीकत

याची दुसरी बाजू बिहारमध्यें दिसली. जहानाबाद जिल्ह्यांतील धरनाई हें गांव तीस वर्षांहून अधिक काळ विजेवांचून होतें. ग्रीनपीस या संस्थेनें २०१४ सालीं तेथें १०० किलोवॅटचें सौर वीजघर उभें केलें. घरांस दिवे मिळाले, शेतीच्या कांहीं पंपांचीहि सोय झाली, आणि देशभर त्याची वाखाणणी झाली. हा पैसा कंपनीचा नव्हता, तथापि तो बाहेरून आलेला होता, व त्या दृष्टीनें हें उदाहरण आपणांस लागू पडतें. लौकरच सरकारी तारा गांवांत आल्या. त्यांची वीज सौर विजेहून स्वस्त होती आणि तिच्यावर हवीं तीं उपकरणें चालत. लोक तिकडे वळले. सौर विजेचें गिऱ्हाईक घटलें. पुढें बॅटऱ्या निकामी झाल्या त्या बदलल्या गेल्या नाहींत. २०२१-२२ च्या सुमारास त्या वीजघराच्या आवारांत गुरें बांधलीं जात असल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें.

यांत कोणाची लबाडी नव्हती. हेतु चांगला होता, आणि गांवाची समितिहि होती. उणें होतें तें एवढेंच कीं, सरकारी वीज आल्यावर या वीजघराचें काय करावयाचें याचें उत्तर आधीं शोधलेलें नव्हतें. २०१७ सालीं सुरू झालेल्या सौभाग्य योजनेनंतर तर तारा पोहोंचल्या नाहींत अशीं खेडीं फार थोडीं उरलीं. सबब आज कोणी स्वतंत्र सौर वीजघर देऊं करील, तर गांवानें प्रथम विचारावें कीं हें सरकारी तारांशीं जोडतां येईल काय, व उरलेली वीज तिकडे विकतां येईल काय.

धुंडीची सोसायटी

हा विचार प्रत्यक्ष अमलांत आणून दाखविला तो गुजराथेंतील खेडा जिल्ह्यांतल्या धुंडी गांवच्या शेतकऱ्यांनीं. त्यांच्याजवळ विजेचे पंप नव्हते. डिझेल जाळून ते पाणी देत. आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्था व टाटा ट्रस्ट यांच्या संयुक्त कार्यक्रमांतून त्यांस सौरपंप मिळाले. पण ते एकेकास वांटून न देतां सहा शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी स्थापन करण्यांत आली. २०१६ सालीं तिनें तेथील वीज कंपनीशीं पंचवीस वर्षांचा करार केला. पिकास पाणी देऊन उरलेली वीज तारेंत सोडावयाची व तीबद्दल युनिटास ४ रुपये ६३ पैसे घ्यावयाचे, असा तो करार होता. त्या बदल्यांत, सवलतीच्या दरानें मिळणारी सरकारी वीजजोडणी पंचवीस वर्षें मागावयाची नाहीं, हें सभासदांनीं मान्य केलें. भांडवलांतहि त्यांचा वांटा होता. पहिल्या सहाजणांनीं किलोवॅटमागें ५,००० रुपये भरले. पुढें आलेल्या तिघांनीं २५,००० रुपये भरले. आधींच्यांचा फायदा डोळ्यांनीं दिसल्यावर मागाहून येणारे पांचपट देण्यास तयार झाले, यांतच प्रयोगाचें यश दिसून येतें.

या व्यवस्थेंत पाण्याचें रक्षण कसें होतें तें पाहण्यासारखें आहे. सौरपंपाची वीज फुकट असते. फुकट वस्तूचा वापर आंखडता होत नाहीं. सूर्य आहे तोंवर पंप चालतो, आणि शेजारच्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. दख्खनच्या काळ्या खडकांत पाण्याचा सांठा मुळांतच थोडा. तेथें हें संकट अधिक. परंतु तीच वीज विकतां येऊं लागली कीं हिशेब पालटतो. साडेसात अश्वशक्तीचा पंप आठ तास चालविला तर सुमारें ४५ युनिटें जळतात. धुंडीच्या दरानें त्यांची किंमत दोनशें आठ रुपये होते. म्हणजे गरज नसतां दिलेली एक पाळी शेतकऱ्यास दोनशें रुपयांस पडते. पाणी वांचवा असा उपदेश शंभर वेळां करून जें होत नाहीं, तें या दोनशें रुपयांनीं होण्याचा संभव आहे. वीज हें शेतकऱ्याचें आणखी एक पीक व्हावें अशी या योजनेमागील कल्पना होती. या पिकास पाणी लागत नाहीं, तें किडीनें जात नाहीं, आणि त्याचा भाव पंचवीस वर्षांकरितां ठरलेला असतो. गुजराथ सरकारनेंहि २०१८ सालीं सूर्यशक्ति किसान योजना काढून शेतकऱ्यांकडून अशी वीज विकत घेण्याचें धोरण स्वीकारलें.

येथें एक भेद सांगणें जरूर आहे. महाराष्ट्रांत मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखालीं सौर वीजघरासाठीं जमीन भाड्यानें घेतली जाते; २०२३ सालच्या दुसऱ्या टप्प्यांत हें भाडें हेक्टरीं वर्षास १ लाख २५ हजार रुपये ठरविण्यांत आलें. हा व्यवहार आहे; त्यास देणगी समजूं नये. पडीक जमिनीस असें भाडें मिळालें तर तें वाईट नाहीं. पण भाडेकऱ्याची वीज भाडेकऱ्याचीच राहते. धुंडीचा शेतकरी विजेचा मालक आहे. जमीन भाड्यानें देणारा जमिनीचाच काय तो मालक राहतो. दोहोंतील फरक ओळखून सही करावी.

गाळाचें काम

आतां पाण्याकडे वळूं. महाराष्ट्र सरकारनें २०१७ सालीं गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली. तिची वांटणी समजण्यासारखी आहे. यंत्राचा खर्च कंपन्यांच्या व सेवाभावी संस्थांच्या निधींतून, डिझेल सरकारचें, आणि गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, असें तिचें मूळ स्वरूप होतें. कंपनीच्या पैशाचा विनियोग कसा असावा याचा हा चांगला नमुना आहे. कारण येथें शेतकरी आपल्या खिशांतून ट्रॅक्टरचें भाडें भरतो, तेव्हां गाळ त्यास खरोखरीच हवा आहे याची खात्री पटते. फुकट टाकला असता तर तो बांधावर पडून राहिला असता. मात्र वाहतुकीचा खर्च लहान शेतकऱ्यास न झेपल्यानें मोठ्या खातेदारांचींच शेतें भरलीं जाण्याची भीति होती. ती ओळखून २०२३ सालीं अल्प व अत्यल्प भूधारकांस एकरीं १५,००० रुपयांपर्यंत, व अडीच एकरांस मिळून ३७,५०० रुपयांपर्यंत, अनुदान देण्याचें ठरलें. गांवानें गाळाच्या वांटपाची यादी करतांना या लोकांचीं नांवें वर घालावीं.

गाळाविषयीं दोन सूचना येथेंच करून ठेवितों. बारीक मातीचे कण व सेंद्रिय अंश गाळांत असल्यानें हलक्या, मुरमाड जमिनीची ओल धरण्याची शक्ति त्यानें वाढते; तेथें तो घालावा. ज्या काळ्या भारी जमिनींत आधींच पाणी साचतें, तेथें तो घालून लाभ नाहीं. दुसरें, तलावाचा गाळ खारवट किंवा चोपण असूं शकतो, यास्तव वाहतुकीवर पैसे घालण्यापूर्वीं मातीपरीक्षा करून घ्यावी. आणि वाळू उपसण्यास या योजनेंत मनाई आहे. गाळाच्या नांवाखालीं वाळू बाहेर जात असेल तर ती थांबविणें हें पहिल्यानें गांवाचें काम आहे.

पैशाहून नियम मोठा

काम झालें, तलाव भरला, विहिरींस पाणी आलें, कीं खरी परीक्षा सुरू होते. वाढलेलें पाणी कोणी घ्यावें? ज्याची मोटर मोठी त्यानें, असें उत्तर दिल्यास दोन वर्षांत सर्व पाणी चार शेतांत ऊस होऊन उभें राहतें, आणि ज्यानें श्रमदान केलें त्याची बाजरी वाळते. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखालीं हा प्रश्न नियमानें सोडविला. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी त्यांनीं पाळलीच. शिवाय शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं, उसासारखीं अति पाण्याचीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, आणि दरवर्षीं पावसाचा व पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून त्या वर्षाचीं पिकें ठरवावयाचीं, असे निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतले. असा निर्बंध कोणतीहि कंपनी घालूं शकत नाहीं, व तिनें घालूंहि नये. तो ग्रामसभेचा अधिकार आहे. कंपनी यंत्र देऊं शकते. संयम तिला देतां येत नाहीं.

करारापूर्वीं विचारावयाचे प्रश्न

ज्या गांवापुढें असें साहाय्य येईल त्यानें पुढील प्रश्न लेखी विचारावे व उत्तरेंहि लेखीच घ्यावीं.

१. काम पुरें झाल्यावर मालमत्ता कोणाच्या नांवें राहील? गांवच्या नोंदलेल्या गटाच्या वा सोसायटीच्या नांवें राहणार नसेल तर कां नाहीं?

२. एकंदर खर्च किती, व त्यांतील किती रक्कम प्रत्यक्ष गांवांत खर्च होणार? अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतींत राहील काय?

३. कंपनी किती वर्षें सोबत राहील, आणि ती गेल्यावर दुरुस्ती कोण करील? सुटे भाग कोठें मिळतील? गांवांतील दोन तरुणांस हें काम शिकविलें जाईल काय?

४. दुरुस्तीच्या फंडाची सुरुवात कोणत्या तारखेपासून? प्रत्येक घराची वा एकराची वर्गणी किती? खात्यावर सह्या कोणाच्या?

५. वीज असेल तर सरकारी तारांशीं जोडणी व विक्रीचा दर काय? पाणी असेल तर वांटपाचा नियम ग्रामसभेनें मंजूर केला आहे काय?

६. ज्यांस जमीन नाहीं त्या कुटुंबांस या कामापासून काय मिळणार? चराईबंदी झाल्यास ज्यांचीं शेळ्या-मेंढ्यांवर पोटें आहेत त्यांची सोय काय?

या सहाव्या प्रश्नाकडे आम्ही आपल्या वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. आपण खातेदार आहों. ग्रामसभेंत आपला शब्द चालतो. परंतु गायरानावर झाडें लागलीं म्हणजे पहिली वाट बंद होते ती धनगराची व शेतमजुराच्या शेळीची. त्यांस वांटा न ठेवतां लावलेलें रान राखणदार ठेवूनहि राखलें जात नाहीं. चाऱ्यासाठीं गवत कापून नेण्याचा हक्क व पाण्यांत घरटी हिस्सा या दोन गोष्टी नियमांतच घालाव्या. त्यानें काम टिकतें, आणि न्यायहि होतो.

सोसायटीनें काय करावें

हें सर्व एकट्या शेतकऱ्याकडून होणार नाहीं. कंपनीजवळ वकील असतो, हिशेबनीस असतो, तयार छापील करार असतो. गांवाजवळ बहुधा सरपंचाची सही तेवढी असते. ही विषमता भरून काढण्याचें साधन म्हणजे आपल्या सहकारी संस्था. त्यांनीं आपल्या भागांतील कामांची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या गांवांत कोणाच्या साहाय्यानें काय झालें, कोणत्या सालीं झालें, आज तें चालू आहे कीं बंद, बंद असेल तर कोणत्या भागावांचून, एवढें तींत लिहावें. अशी वही दोन-तीन वर्षें ठेविली तरी कोणतें साहाय्य उपयोगी व कोणतें केवळ फलकापुरतें, हें कोणास सांगावें लागणार नाहीं. पुढील देणगीदार आल्यावर हीच वही त्याच्यापुढें ठेवावी आणि नव्या दिव्यांआधीं जुन्या बंद पंपाची दुरुस्ती मागावी. मागणी अशी नेमकी असली म्हणजे देणाऱ्यासहि ती नाकारणें कठीण जातें.

नफ्याचा शेंकडा दोन हिस्सा गांवाकडे वळविणें कायद्यानें साधतें. तो गांवांत टिकवून धरण्याचें काम मात्र दरमहाच्या वर्गणीचें, ग्रामसभेच्या ठरावाचें आणि वेळेवर केलेल्या दुरुस्तीचें आहे. खरीपाच्या पेरण्या आटोपून ज्या गांवांत ग्रामसभा भरेल, तेथें वरील सहा प्रश्न एकदां मोठ्यानें वाचून दाखवावे, अशी आमची वाचकांस विनंति आहे. देणारा अद्याप आला नसेल तरी हरकत नाहीं. तो येईल तेव्हां गांवाचीं उत्तरें तयार असलीं पाहिजेत.